शाळेचा संघ : गावापुरता की देशाचा?

श्रोतेहो, शाळेत पालकांची सभा भरते तेव्हा काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. सतरंजी अंथरलेली असते. मुख्याध्यापक प्रास्ताविक करतात. पाण्याच्या टाकीचा विषय निघतो, मग वर्गणीचा निघतो, आणि वर्गणी म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतले दोघेतिघे हळूच चपला शोधू लागतात. शिक्षकीच्या नोकरीत अशा सभा मी पुष्कळ पाहिल्या. त्यांतली एक मात्र डोक्यातून जात नाही. टाकीसाठी घरटी किती काढायचे, एवढ्यावर बोलणे आले होते. तेवढ्यात एक वयस्क शेतकरी उठले आणि म्हणाले, "गुरुजी, टाकी आम्ही बांधू हो. पण दोन मास्तर कमी आहेत, त्याचं काय? ते काही आमच्या वर्गणीनं यायचे नाहीत."

सभा गप्प झाली. माझ्याजवळही उत्तर नव्हते. टाकी गावाच्या हातातली आणि मास्तर वरच्या हातातला, हे सगळ्यांना कळत होते. पण वरपर्यंत हात पोचवायचा कसा?

पुढे वाचता वाचता अमेरिकेतल्या पालक-शिक्षक संघांची हकीगत हाती आली, आणि पाहतो तर आमच्या त्या काकांचाच प्रश्न तिथे सव्वाशे वर्षे घोळतो आहे. तिकडच्या शाळेत पालकांना संघ काढायचा झाला, की पहिल्याच बैठकीत विचारले जाते : आपला संघ देशभरच्या मोठ्या संस्थेला जोडायचा, की आपला आपण स्वतंत्र ठेवायचा? जोडला तर त्याला पी.टी.ए. म्हणायचे. हे नाव त्या राष्ट्रीय संस्थेच्या नावावर नोंदलेले आहे, दुसऱ्याला ते लावता येत नाही. म्हणून स्वतंत्र संघ बहुधा पी.टी.ओ. म्हणवतात. अक्षर एकच बदलते. पण त्या एका अक्षरामागे केवढे रामायण आहे, ते आज सांगतो.

१८९७ सालची गोष्ट. अमेरिकेत तेव्हा बहुतेक प्रांतांत स्त्रियांना देशाच्या निवडणुकीत मत नव्हते. ॲलिस बर्नी नावाची जॉर्जिया प्रांतातली एक बाई, मुलींची आई, हिच्या मनात आले की मुलांच्या आरोग्याचा, शिक्षणाचा विचार करायला देशभरच्या आयांनी एकदा एकत्र बसावे. कल्पना मोठी, पण पैसा कुठला? तो दिला फीबी हर्स्ट ह्या धनाढ्य विधवा बाईंनी. त्यांचे पती खाणींवर श्रीमंत झालेले आणि पुढे सिनेटर झालेले गृहस्थ. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी राजधानी वॉशिंग्टनमध्ये सभा बोलावली. येतील काही थोड्या जणी, असा अंदाज होता. आल्या दोन हजारांवर माणसे! बहुतेक बायका, काही पुरुषही होते. त्या सभेतून 'नॅशनल काँग्रेस ऑफ मदर्स', म्हणजे मातांची राष्ट्रीय परिषद जन्माला आली. १९०८ साली तिच्या नावात 'पालक-शिक्षक संघ' हे शब्द आले, आणि १९२४ च्या सुमारास 'माता' जाऊन 'पालक आणि शिक्षक' असे नाव झाले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. ही संस्था खालून वर वाढलेली नाही. आधी वर देशाची परिषद झाली, मग प्रांतोप्रांती शाखा झाल्या, आणि मग शाळाशाळांतले संघ तिला येऊन मिळाले. शाळेच्या संघात पालकाने वर्गणी भरायची. तिचा एक हिस्सा प्रांताला, एक हिस्सा राष्ट्रीय संस्थेला, उरलेला शाळेच्या संघाला. ही वाटणी आजही चालू आहे. भांडणाचे मूळ इथेच आहे, पण त्याकडे मागून येऊ.

वर जाणाऱ्या त्या हिश्शाने काय केले, ते आधी पाहू. ह्या परिषदेच्या पुढे अध्यक्ष झालेल्या हॅना शॉफ ह्या फिलाडेल्फियाच्या बाई. १८९९ साली त्यांनी वर्तमानपत्रात वाचले की आठ वर्षांच्या एका पोरीने घराला आग लावली म्हणून तिला तुरुंगात टाकले आहे. आठ वर्षांची पोर! त्या काळी मुलांसाठी वेगळे कोर्ट जवळजवळ कुठे नव्हतेच. ह्या बाई न्यायाधीशाला जाऊन भेटल्या, मुलीला सोडवून एका चांगल्या घरी ठेवले, आणि तेवढ्यावर न थांबता बालगुन्हेगारांसाठी स्वतंत्र न्यायालयाचा कायदा पेनसिल्व्हेनियात व्हावा म्हणून झटल्या. तो १९०१ साली झाला. १९०२ पासून १९२० पर्यंत त्या परिषदेच्या अध्यक्ष होत्या आणि हाच विषय त्यांनी प्रांतोप्रांती नेला. एका शाळेतल्या दहावीस पालकांच्या आवाक्यातले हे काम नव्हे. त्यासाठी प्रत्येक प्रांतात कुणी तरी आपले माणूस लागते, आणि विधिमंडळात जाऊन उभे राहिल्यावर 'मागे इतके लोक आहेत' असे सांगता यावे लागते.

पुढचेही थोडक्यात सांगतो. १९२५ पासून ह्या संघांनी एक मोहीम चालवली : पहिलीत जाणाऱ्या मुलाची उन्हाळ्याच्या सुट्टीतच डॉक्टरकडून तपासणी करायची, म्हणजे दात, डोळे, कान ह्यांतले दोष शाळा उघडायच्या आत दुरुस्त होतात. शाळेत दुपारी गरम जेवण मिळावे म्हणून कित्येक संघांच्या बायकांनी आधी स्वतः चुली पेटवल्या. १९४६ साली देशाचा शालेय भोजनाचा कायदा झाला. आणि १९५४ साली डॉक्टर साल्क ह्यांच्या पोलिओच्या लसीची चाचणी झाली, तेव्हा सुमारे अठरा लाख मुले तीत होती. एवढी मुले रांगेत उभी करायची, घरच्यांची संमती घ्यायची, रडणाऱ्याला धरायचे, वह्यांत नोंदी करायच्या. ह्या कामाला जे हजारो स्वयंसेवक राबले त्यांत पालक-शिक्षक संघांतल्या आया पुष्कळ होत्या. ती लस पुढे साऱ्या जगाला मिळाली. आपल्याकडच्या पोलिओच्या रविवारी बूथवर बसलेल्या अंगणवाडीताई मला दिसत, तेव्हा त्या बायकांची आठवण येई.

इथवर ऐकून वाटेल, मग प्रश्नच मिटला. मोठ्या संस्थेला जोडून घ्यावे हे उत्तम. थोडे थांबा.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या प्रांतांत त्या काळी कायद्यानेच गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या. अटलांटा शहरात सेलिना स्लोन बटलर नावाच्या कृष्णवर्णीय बाई होत्या. पती डॉक्टर, स्वतः शिकवलेल्या. त्यांच्या लहान मुलाला घालावे असे बालवर्गच जवळपास नव्हते. मग त्यांनी आपल्या बैठकीच्या खोलीतच शेजारपाजारची मुले जमवून बालवर्ग काढला. मुलगा यंग स्ट्रीटच्या शाळेत जाऊ लागला तेव्हा, १९११ साली, तिथे त्यांनी पालकांचा आणि शिक्षकांचा संघ काढला. देशात राष्ट्रीय संस्था होती, तिची प्रांतिक शाखाही होती. पण दक्षिणेत त्या शाखेचे दार काळ्या पालकांना बंद होते. बटलरबाई रडत बसल्या नाहीत आणि 'आमचा आम्ही शाळेपुरता बघू' असेही म्हणाल्या नाहीत. त्यांनी आधी प्रांताचा संघ उभा केला आणि १९२६ साली काळ्या पालक-शिक्षकांची स्वतंत्र राष्ट्रीय परिषद स्थापली.

श्रोतेहो, मला ह्या साऱ्या इतिहासात हे पान सगळ्यांत मोलाचे वाटते. ज्यांच्या शाळांना सरकारी पैसा सर्वांत कमी मिळे, ते पालक पदरमोड करून वर्गासाठी कोळसा आणत, पुस्तके आणत, कुठे खोली बांधून देत, कुठे मास्तरांच्या पगारात भर घालीत. म्हणजे टाकी बांधण्याचे काम ते करीतच होते. तरीही वर्गणीचा एक हिस्सा काढून त्यांनी देशभरची संघटना चालवली, कारण आपली शाळा गरीब का आहे ह्याचे कारण आपल्या शाळेत नाही, हे त्यांना पुरते कळले होते.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला. दोन राष्ट्रीय परिषदा एक व्हायला मात्र १९७० साल उजाडले. त्या वर्षी जूनमध्ये अटलांटात, बटलरबाईंच्याच गावात, एकीकरणाच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. बाई ते पाहायला नव्हत्या; त्या १९६४ साली वारल्या होत्या. राष्ट्रीय संस्था आज आपल्या संस्थापकांत बर्नी आणि हर्स्ट ह्यांच्या शेजारी त्यांचे नाव घेते.

पण हे एकीकरण सोपे नव्हते. दक्षिणेतल्या कित्येक गोऱ्या शाखांना ते रुचले नाही. त्यांनी राष्ट्रीय संस्थेतून नाव काढून घेतले आणि 'स्वतंत्र' संघ काढले. म्हणजे पाहा, 'आमचा संघ स्वतंत्र' हे वाक्य कानाला केवढे गोड लागते! कुणापासून स्वतंत्र आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय त्याला मान डोलवू नये. दुसऱ्या बाजूने, एकत्र आल्यावर काळ्या परिषदेतल्या कर्त्या बायकांना नव्या संस्थेत पूर्वीची पदे आणि पूर्वीचा मान राहिला नाही. शाळा एक झाल्या तेव्हा काळ्या मुख्याध्यापकांच्या आणि शिक्षकांच्या हजारो नोकऱ्या गेल्या होत्या. तसेच काहीसे इथेही घडले. मोठ्या घरात धाकटी जाऊ म्हणून जाण्याचे दुःख ज्यांनी भोगले आहे त्यांना हे निराळे सांगायला नको.

राष्ट्रीय संस्थेतून बाहेर पडणारे सगळेच मात्र वर्णद्वेषाने पडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत संस्थेचे सभासद एक कोटी वीस लाखांच्या घरात गेले होते. पुढच्या वीस वर्षांत ते पन्नास लाखांच्या आसपास आले, आणि अलीकडे तर चाळीस लाखही भरत नाहीत. एवढी ओहोटी एका कारणाने लागत नसते.

एक कारण संपाचे. १९६८ साली फ्लोरिडा प्रांतात सबंध प्रांतभर शिक्षकांनी काम सोडले. देशात असे प्रथमच घडले. आता विचार करा, संघ पालकांचा आणि शिक्षकांचा मिळून. शिक्षक बाहेर बसलेले, पालकांची मुले घरी. संघाने कुणाची बाजू घ्यायची? काही ठिकाणी पालक म्हणाले, शिक्षकांना त्यांची युनियन आहे, आम्हांला आमची हवी. न्यूयॉर्क शहरात तर शाळाशाळांतल्या पालकांना जोडणारा पालकांचा वेगळा शहरी महासंघ आधीपासून होताच. देशाचा नाही आणि एकट्या शाळेचाही नाही, अशी ती मधली वाट. तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही, पण मला ती शहाणपणाची वाटते.

दुसरे कारण घरातले. दुपारी तीन वाजता सभेला येणाऱ्या आया आता नोकरीवर जाऊ लागल्या होत्या. रॉबर्ट पटनम ह्या प्राध्यापकांनी २००० साली अमेरिकेतल्या सामाजिक जीवनावर एक गाजलेला ग्रंथ लिहिला, त्यात ह्या संघांच्या ओहोटीचीही चर्चा आहे. शाखा बाहेर पडून स्वतंत्र झाल्या म्हणून आकडा घटला, की पालकांनी यायचेच सोडले, असा तो वाद आहे. दोन्हींत तथ्य असावे.

आणि तिसरे कारण पैशाचे, ज्याकडे येतो असे मघाशी म्हणालो होतो. सभेत कुणीतरी हटकून उठतो आणि विचारतो, "आपण वर पाठवतो त्या पैशाच्या बदल्यात आपल्याला मिळतं काय?" प्रश्न रास्त आहे. शाखेला वरून नियमावली मिळते, कारभाराचे शिक्षण मिळते, देणग्यांवरच्या कराच्या माफीचे कागद बहुधा वरच्या छत्राखाली सुटतात. स्वतंत्र संघाला ते सगळे आपले आपण करावे लागते. घटना लिहा, नोंदणी करा, दर साली सरकारला हिशेब द्या. पण एकदा हे जमले, की जमवलेला पै-पैसा आपल्याच शाळेत राहतो, आणि वरच्यांनी कुठल्या कायद्याला पाठिंबा दिला, कुठल्याला विरोध केला, ह्याचे उत्तर शेजाऱ्याला द्यावे लागत नाही. ज्यांना शाळेची जत्रा भरवायची, केक विकून खेळाचे सामान घ्यायचे, त्यांना एवढे पुरते. त्यांना दोष का द्यावा?

मात्र त्याच सुमारास एक गोष्ट घडली. कॅलिफोर्निया प्रांतात १९७८ साली मतदारांनी ठराव करून घरपट्टीवर मर्यादा घातली. तिकडे शाळा बऱ्याच अंशी त्या पट्टीवर चालत. पट्टी आटली, शाळांची ओढाताण झाली, आणि संगीताचा शिक्षक, ग्रंथपाल ह्यांचे पगार भागवायला पालक संघ पैसे गोळा करू लागले. जिथे पालक सधन तिथे संगीतही आले आणि ग्रंथालयही. जिथे पालक मजुरी करणारे तिथे नुसता फळा. सांता मोनिका आणि मालिबू ह्या जोडगावांच्या शाळा एकाच मंडळाखाली चालत. तिथे हा फरक इतका डोळ्यांवर आला की २०११ साली शाळा मंडळाने ठरवले : शिक्षकांसाठीचा पैसा शाळाशाळांनी वेगळा जमवायचा नाही, सगळ्यांसाठी एकत्र जमवायचा. मालिबूचे सधन पालक फार रागावले. गंमत अशी, की हे संघ स्वतंत्र नव्हते, राष्ट्रीय संस्थेच्याच शाखा होत्या. पाटीवर देशाचे नाव लावले म्हणून मन देशाएवढे होते असे नाही.

ही चर्चा अमेरिकेपुरती राहिलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकन अंमलाखाली होता, तेव्हा तिथल्या शाळाशाळांत हे संघ निघाले आणि पुढे त्यांचाही राष्ट्रीय महासंघ झाला. मार्च २०२३ अखेर राजधानी टोकियोतल्या प्राथमिक शाळांच्या पालक संघांची संघटना त्या महासंघातून बाहेर पडली. वर पैसे भरून आमच्या मुलांच्या पदरी काय पडते, हाच तिथलाही सूर.

आता आपल्याकडे या. आपल्या देशात २००९ साली बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. तीत तीनचतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणे हे समितीचे काम. खाजगी शाळांच्या फीबाबत महाराष्ट्राने २०११ साली वेगळा कायदा केला, त्यात पालक-शिक्षक संघाला स्थान दिले. बर्नीबाईंच्या काळात जे मागून मिळत नव्हते ते आपल्या गावातल्या आईला कायद्याने मिळाले आहे, ही काही लहान गोष्ट नाही. पण ही समिती शाळेपुरती. तिची वेस शाळेच्या कुंपणाशी संपते. शेजारच्या गावच्या समितीशी तिला जोडणारी कडी त्या कायद्यात नाही. ती जोडायला मनाईदेखील नाही.

शिक्षक मित्रांना एक सांगावेसे वाटते. अमेरिकेत शाखेने राष्ट्रीय संस्था सोडायची की नाही हे सभेत सभासदांच्या मताने ठरते. सचिव आणि खजिनदार ह्या दोघांनी मिळून ठरवायचे नसते. आधी नोटीस लागते. प्रांताच्या प्रतिनिधीला येऊन आपली बाजू मांडू द्यावी लागते. वर्गणीचा किती हिस्सा वर जातो, तो बंद केला तर विम्याला आणि हिशेबतपासणीला किती लागेल, हे फळ्यावर मांडता येते, आणि पुष्कळदा तेवढ्या आकडेमोडीत 'वाचणारा' पैसा निम्मा उरतो. पण त्या आकड्यांत एक रकाना भरता येत नाही. उद्या प्रांताने शाळेचे अनुदान तोडले तर आपल्या बाजूने राजधानीत कोण उभे राहील, ह्याची किंमत डॉलरात लिहिता येत नाही. स्वतंत्र झालेल्या संघांना हा रकाना बहुधा अनुदान तुटल्यावरच आठवतो. काही संघ तेव्हा परत येतात. दार उघडे असते, नाव पुन्हा नोंदवावे लागते, एवढेच.

आमच्या त्या काकांच्या गावी टाकी झाली. मास्तरांपैकी एक दोन वर्षांनी आले. आसपासच्या पाच गावच्या पालकांनी मिळून एकच अर्ज केला होता आणि तो घेऊन सगळे एकाच दिवशी तालुक्याला गेले होते. कुठल्याही संघाची पाटी त्यांच्याजवळ नव्हती. दुसऱ्या मास्तरांची जागा मी निवृत्त होईपर्यंत रिकामीच होती.